आईचं औषध, दादाचा आग्रह आणि सत्तावीस टक्के

पत्र:

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. वर्षभरापासून ती तेच तेच विचारते, ठेवलेली वस्तू सापडत नाही म्हणून घर उलटंपालटं करते. मेंदूच्या डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात असल्याचं सांगितलं. दादा दूर राहतो. नव्या औषधाने हा आजार २७ टक्क्यांनी मंदावतो असं त्याने वाचलं आणि आता तो रोज फोन करून म्हणतो, ‘पैशाचं मी बघतो, तू फक्त तारीख ठरव.’ मामाचं म्हणणं, मूळ संशोधनच खोटं निघालं, आता कसली औषधं घेऊन बसलात! एका नातेवाइकाने लिथियमच्या गोळ्या मागवून दिल्या आहेत, त्या कपाटात पडून आहेत. आईची तब्येत एरवी बरी आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करणारी गोळी तेवढी चालू आहे. तिच्याजवळ मी राहते, म्हणून निर्णय माझ्यावर आला आहे. उशीर झाला तर दोष माझा, आणि औषधाने काही बरंवाईट झालं तरी माझाच. शिवाय मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. मी स्वतःची तपासणी करून घ्यावी का?

— एक मुलगी

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. दादांच्या बातमीपेक्षा आणि मामांच्या शंकेपेक्षा या एका गोळीचं वजन जास्त आहे. तिच्याकडे येते, पण आधी त्या २७ टक्क्यांचा हिशेब करू. घरातला ताण त्या आकड्याने उभा केलाय, आणि तो उलगडला नाही तर पुढे मी काहीही म्हटलं तरी दादांना ती नकारघंटाच वाटेल.

दादा म्हणतात ते औषध लेकानेमॅब असणार, आणि आकडा खरा आहे. त्या चाचणीचे निष्कर्ष २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. १७९५ माणसं, वयं पन्नास ते नव्वद, सगळी आजाराच्या अगदी पहिल्या टप्प्यातली. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. दीड वर्षाने दोन्ही गटांचं मोजमाप केलं.

मोजलं कसं, ते पाहा. स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं नि छंद, आणि स्वतःची देखभाल अशा सहा बाबींत माणूस कुठे आहे हे रुग्णाशी आणि त्याच्या जवळच्या माणसाशी बोलून ठरवतात. प्रत्येक बाबीला शून्य ते तीन गुण, एकूण अठरा. गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. सुरुवातीला दोन्ही गटांची सरासरी तीनच्या थोडी वर होती. दीड वर्षात औषध न मिळालेल्यांचे गुण १.६६ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ने. फरक ०.४५चा. हा फरक १.६६च्या २७ टक्के भरतो, आणि मथळ्यात तेवढंच गेलं.

मामांना हेच गणित दुसऱ्या बाजूने करता येईल. अठरापैकी ०.४५ म्हणजे जेमतेम अडीच टक्के! पण हा आकडाही तेवढाच फसवा आहे, कारण दीड वर्षात शून्यावरून अठरावर कोणीच जात नाही. म्हणून टक्के बाजूला ठेवून मूळ गुणांकडेच बघावं. या मापात एका बाबीतली सगळ्यात लहान पायरीसुद्धा अर्ध्या गुणाची आहे. म्हणजे सरासरी फरक सहापैकी एका बाबीतल्या एका लहानात लहान पायरीएवढाही पुरता नाही. घरच्यांच्या किंवा डॉक्टरांच्या नजरेत भरेल असा फरक पडायला एक ते दोन गुण लागतात, असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत. औषधाच्या बाजूने बोलणारे तोच फरक वेळेत मांडतात. घसरण सरळ रेषेत होते असं धरलं, तर औषध घेणारा माणूस दीड वर्षाने तिथे असतो जिथे न घेणारा तेरा महिन्यांतच पोचलेला असतो. मधले पाच महिने. कोणाच्या आयुष्यात ते मोलाचे असतील, हे मी नाकारत नाही. एखादीला तेवढ्यात नातीचं लग्न नीट ओळखीच्या डोळ्यांनी बघायचं असेल.

मात्र ‘मंदावतो’ या शब्दावर दादांशी एकदा सविस्तर बोला. औषध घेणाऱ्यांचीही घसरण झालीच. गेलेलं परत आलं नाही. आई पुन्हा पूर्वीसारखी होईल अशी आशा या औषधाकडून कोणीही धरू नये, आणि मला वाटतं दूर असलेल्या मुलाच्या मनात नेमकी तीच आशा असते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. औषध आईला लागू पडतंय की नाही, हे तुम्हाला घरात बसून कधीच समजणार नाही. ती घसरली तर ‘औषध नसतं तर जास्त घसरली असती’ असं म्हणता येतं, आणि स्थिर राहिली तरी ती औषधाशिवायही काही काळ तशीच राहिली असती का, हे सांगता येत नाही. हजार-दीड हजार माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक एकट्या माणसात ओळखता येत नाही.

त्या चाचणीतला अजून एक तपशील तुमच्या घराशी थेट जोडलेला आहे. स्त्रियांचा आणि पुरुषांचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हा पुरुषांमध्ये घसरण ४३ टक्क्यांनी मंदावलेली दिसली आणि स्त्रियांमध्ये १२ टक्क्यांनी. चाचणी हा फरक तपासायला आखलेली नव्हती, असे उपगट पाडले की योगायोगानेही आकडे इकडेतिकडे होतात, म्हणून ‘बायकांना औषध चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. पण एका स्त्रीसाठी निर्णय घेताना ‘२७ टक्के’ हा आकडा जपमाळेसारखा ओढायचंही कारण नाही.

आता धोका. हे औषध मेंदूत साचलेल्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि शरीराच्या संरक्षक पेशींकडून ते साफ करवतं. साफसफाई खरोखर होते, मेंदूच्या चित्रणात साठे झपाट्याने उतरलेले दिसतात. अडचण अशी की हे प्रथिन मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही बसलेलं असतं. तिथून ते निघालं की भिंती झिरपायला लागतात. त्यातून मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतात. चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांना सूज आली, न घेणाऱ्यांपैकी १.७ टक्क्यांना. बारीक रक्तस्रावाच्या खुणा १७.३ टक्के विरुद्ध ९ टक्के. यातल्या बहुतेकांना काहीच जाणवलं नाही, त्या फक्त एमआरआयमध्ये दिसल्या. सूज येऊन त्रासही झाला असे २.८ टक्के. डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, नजर अंधुक होणं, क्वचित झटके. चाचणीच्या दीड वर्षात दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखेच होते. पण त्यानंतर, सगळ्यांना औषध द्यायला सुरुवात झाल्यावर, एका ६५ वर्षांच्या स्त्रीला पक्षाघाताचा झटका आला. तिला नेहमीच्या पद्धतीप्रमाणे गुठळी विरघळवणारं औषध दिलं, आणि मेंदूत ठिकठिकाणी रक्तस्राव होऊन ती गेली. म्हणूनच अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा चौकटीत छापलेला असतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ठरलेल्या डोसांच्या आधी पुन्हा पुन्हा एमआरआय करावे लागतात.

इथे आईची गोळी येते. ठोके अनियमित असले की हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, तो टाळायला रक्त गोठू न देणारं औषध देतात. युरोपच्या औषध नियामकाने लेकानेमॅबला जुलै २०२४मध्ये आधी नकार दिला, नोव्हेंबरात फेरविचार करून मर्यादित परवानगीची शिफारस केली. त्या मर्यादांत ही एक अट आहे: रक्त गोठू न देणारी औषधं चालू असतील तर हे औषध द्यायचं नाही. अमेरिकेत सरसकट बंदी नाही, पण तिथल्या तज्ज्ञांनी २०२३मध्ये वापराबद्दल ज्या शिफारसी केल्या त्यांतही अशा रुग्णांना ते देऊ नये असंच म्हटलं आहे.

बोलीभाषेत मात्र ‘रक्त पातळ करणारी’ म्हणून दोन वेगळ्या जातींच्या गोळ्या ओळखल्या जातात. एक ॲस्पिरिनसारखी, रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू न देणारी. दुसरी वॉरफरिन, ॲपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन यांसारखी, गोठण्याची प्रक्रियाच रोखणारी. वरची मनाई दुसऱ्या जातीसाठी आहे. ठोक्यांसाठी बहुधा दुसरीच दिली जाते, पण पाकिटावरचं नाव वाचा आणि हृदयाच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. ती दुसऱ्या जातीची निघाली, तर तुमच्या आईसाठी या औषधाचं दार बंद आहे असंच मी धरून चालेन. अंतिम शब्द तिच्या डॉक्टरांचा.

आणि कृपा करून, ‘मग ती गोळी बंद केली तर?’ हा विचार घरात कोणालाही करू देऊ नका. दादांच्या मनात तो येणार, कारण उत्साही माणसाला आडवी येणारी प्रत्येक गोष्ट काढता येण्यासारखी वाटते. ती गोळी थांबवल्यावर येणारा पक्षाघात एका दुपारी आईचं चालणं, बोलणं आणि आठवणी एकदमच घेऊन जाऊ शकतो. अर्ध्याहून कमी गुणाच्या फरकासाठी ती जोखीम कोणीही घेऊ नये.

दादा लगेच दुसऱ्या औषधाचं नाव काढतील, म्हणून तेही सांगते. डोनानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२४मध्ये मंजुरी मिळाली. ते महिन्यातून एकदा द्यावं लागतं आणि साठे साफ झाले की थांबवता येतं, ही सोय आहे. पण त्याच्या १७३६ जणांच्या चाचणीत २४ टक्क्यांना मेंदूला सूज आली, आणि तीन मृत्यूंचा संबंध औषधाशी असल्याचं संशोधकांनीच नोंदवलं. रक्त गोठू न देणाऱ्या गोळीची अडचण तिथेही तशीच आहे.

समजा पाकिटावर ॲस्पिरिन निघालं आणि दार किलकिलं राहिलं, तर पुढची पायरी जनुकाची तपासणी असते, आणि तिथे हा निर्णय एकट्या आईचा राहत नाही. एपीओई नावाच्या जनुकाचा ई४ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो आणि या औषधाचाही. लेकानेमॅबच्या चाचणीत त्याच्या दोन प्रती असलेल्यांपैकी ३२.६ टक्क्यांना सूज आली, एक असलेल्यांपैकी १०.९ आणि एकही नसलेल्यांपैकी ५.४ टक्क्यांना. म्हणून उपचारापूर्वी ही तपासणी सुचवतात. आता जरा थांबा. प्रत्येक मूल आईकडून या जनुकाची एक प्रत घेतं. आईकडे दोन्ही प्रती ई४ निघाल्या, तर तुमच्याकडे आणि दादांकडे किमान एक आहे, हे तुम्हा दोघांच्या रक्ताचा थेंबही न काढता त्याच क्षणी ठरतं. तुम्ही दोघं ते ऐकायला तयार आहात का? हा प्रश्न अहवाल हातात पडायच्या आधी विचारायचा असतो, आणि बहुतेक घरांत तो नंतर विचारला जातो. आनुवंशिकतेच्या समुपदेशकाची वेळ आधी घ्या, मग रक्त द्या.

तुमच्या स्वतःच्या तपासणीचं उत्तर यातच येतं. ई४ असणं म्हणजे आजार ठरलेला असं नाही. ते असूनही कित्येक जण शेवटपर्यंत ठणठणीत राहतात, आणि नसूनही अनेकांना हा आजार होतो. मे २०२५मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली, तिचीही बातमी दादांनी पाठवली असेल. रक्तातल्या टाऊ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या आणि अमायलॉइडच्या प्रमाणावरून मेंदूतल्या साठ्यांचा अंदाज ती देते. पण ती लक्षणं दिसणाऱ्या माणसांसाठी, तज्ज्ञांच्या तपासणीला जोड म्हणून आहे. काहीही त्रास नसलेल्या चव्वेचाळिशीतल्या मुलीसाठी नाही. आज तो निकाल हातात घेऊन तुम्ही करणार काय? जे करायचं ते तपासणीशिवायही तेच आहे. मी तुमच्या जागी असते तर केली नसती. तरी काहींना न कळण्याचा जाच कळण्यापेक्षा मोठा वाटतो, तशा तुम्ही असाल तर समुपदेशकाशी बोलून ठरवा.

मामांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी ऐकलंय त्यात तथ्य आहे. २००६मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला, पुढे खूप उल्लेखला गेलेला एक शोधनिबंध चित्रांत फेरफार झाल्याचं उघड झाल्यावर जून २०२४मध्ये मागे घेतला गेला. तो अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल होता, उंदरांची स्मृती ते बिघडवतं असा त्याचा दावा. लाजिरवाणं प्रकरण आहे, आणि ते मागे घ्यायला इतकी वर्षं लागली हे त्याहून लाजिरवाणं. पण अमायलॉइडवरचा संशय त्या एका निबंधावर उभा नव्हता. हे प्रथिन ज्यापासून तयार होतं त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, आणि त्या माणसांना अल्झायमर फार लवकर गाठतो. उलट, २०१२मध्ये आइसलंडच्या लोकांमध्ये त्याच जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. त्याने अमायलॉइड कमी बनतं आणि आजारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. असा पुरावा कोणी चित्रात खोडाखोड करून बनवू शकत नाही.

मामांचा खरा मुद्दा वेगळा असायला हवा होता. अमायलॉइड या आजारात गुंतलेलं आहे हे मान्य केलं, तरी लक्षणं दिसू लागल्यावर ते काढून फार काही साधत नाही, हे या आकड्यांतूनच दिसतंय. तोवर त्या टाऊ प्रथिनाचे गुंते पसरलेले असतात, पेशी मेलेल्या असतात, आणि सत्तरीनंतरच्या मेंदूत बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांचा जुना आजारही मिसळलेला असतो. औषधांवर अविश्वास दाखवायलाही जागा होती. ॲड्यूकॅनुमॅब या आधीच्या औषधाला अमेरिकेच्या नियामकाने जून २०२१मध्ये स्वतःच्या सल्लागार समितीचं मत डावलून मंजुरी दिली, त्या निषेधार्थ समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले, आणि २०२४च्या जानेवारीत कंपनीनेच ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मामांना हा इतिहास सांगा. त्यांना बरं वाटेल, आणि ‘सगळंच खोटं’ म्हणण्याऐवजी नेमकं बोलता येईल.

लिथियमच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात: देऊ नका. ऑगस्ट २०२५मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांचं जे काम गाजलं ते मलाही रोचक वाटलं. स्मृती बिघडलेल्यांच्या मेंदूत नैसर्गिक लिथियम कमी आढळलं, अमायलॉइडचे साठे ते अडकवून ठेवतात असं दिसलं, आणि लिथियमचा एक क्षार दिल्यावर उंदरांची स्मृती सुधारली. उंदरांची. अल्झायमर झालेले उंदीर गेल्या तीस वर्षांत असंख्य वेळा बरे झालेत! माणसांमध्ये या क्षाराची या आजारासाठी चाचणी झाल्याशिवाय त्याला औषध म्हणता येत नाही. लिथियमचा मूत्रपिंडावर आणि थायरॉइडवर परिणाम होतो, वाढत्या वयात तो अंगात साचतो, आणि ठोके आधीच अनियमित असलेल्या बाईला तो कोणी आपल्या मनाने देऊ नये. ज्यांनी आणल्या त्यांना वाईट वाटेल, वाटू द्या.

हाती काय उरतं, असं तुम्ही विचाराल. पुष्कळ काही, पण त्याची बातमी होत नाही. आधी डॉक्टरांना विचारा की निदान कशावर केलं. मेंदूतल्या अमायलॉइडची खात्री पेट स्कॅनने, पाठीच्या मणक्यातल्या द्रवाने किंवा रक्ताने केली का, की लक्षणांवरून आणि एमआरआयवरून अंदाज बांधला? बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेची आणि ॲलर्जीची काही औषधं यांनीही माणूस विसराळू होतो, आणि ते दुरुस्त करता येतं. जुन्या औषधांपैकी डोनेपेझिल १९९६पासून वापरात आहे. काहींना थोडा काळ थोडा आधार देतं, पण हृदयाचे ठोके मंद करू शकतं, म्हणून आईच्या बाबतीत दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. आईचं ऐकू येणं तपासा. ज्यांना धोका जास्त होता अशा ज्येष्ठांच्या गटात श्रवणयंत्र आणि समुपदेशनाने तीन वर्षांत बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली, असं २०२३मध्ये एका अमेरिकी चाचणीत दिसलं. संपूर्ण चाचणीत मात्र फरक दिसला नव्हता, आणि त्या माणसांना स्मृतिभ्रंश झालेला नव्हता, त्यामुळे आईला तेवढाच लाभ होईल असं मी म्हणत नाही. पण नीट ऐकू न येणाऱ्याला आपण विसराळू समजतो, एवढा गैरसमज तरी टळेल. रक्तदाब, साखर, चष्मा, रोजचं चालणं, चार माणसांत मिसळणं ही सगळी कंटाळवाणी यादी तुम्हाला पाठ असेल, म्हणून ती पुन्हा उगाळत नाही.

तुमच्यासाठी मात्र ती यादी कंटाळवाणी नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४मध्ये चौदा घटक मोजले. मध्यम वयातला रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, बहिरेपण, धूम्रपान, एकटेपणा, नैराश्य वगैरे. हे सगळे काढून टाकता आले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा बसेल किंवा तो लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. तो साऱ्या लोकसंख्येचा आहे, एकट्या तुमचा धोका ४५ टक्क्यांनी उतरेल असा त्याचा अर्थ नाही. अलीकडचं मला सगळ्यात आवडलेलं काम वेल्समधलं आहे. तिथे नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळत होती, एक दिवस आधी जन्मलेल्यांना नाही. त्यामुळे एरवी अगदी सारखी असलेली माणसं केवळ जन्मतारखेमुळे दोन गटांत वाटली गेली. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान पाचव्या हिश्शाने कमी झालं, म्हणजे शंभरातल्या साडेतीन माणसांनी. दोन्ही आकडे मुद्दाम दिले, वरच्या हिशेबानंतर तुम्ही दुसरा विचारलाच असता. ती जुन्या प्रकारची लस होती आणि हा २०२५चा निष्कर्ष अजून हेतुपुरस्सर केलेल्या चाचणीत तपासला जायचा आहे. लसीचं योग्य वय आल्यावर डॉक्टरांना विचारा.

आता तुमच्या पत्रात जे नाही त्याबद्दल. दादा काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंत, मामा काय म्हणतो तेही लिहिलंत, नातेवाइकांनी काय आणलं तेही. आई काय म्हणते ते एका ओळीतही नाही. तिला निदान सांगितलंय का, हेही मला तुमच्या पत्रावरून कळलं नाही.

ही औषधं पहिल्या टप्प्यातच देतात, म्हणून दादांना घाई झाली आहे. त्यांची घाई अनाठायी नाही, काही आठवड्यांत तज्ज्ञांचं मत घ्यायलाच हवं. पण ज्या टप्प्यात औषध देता येतं, त्याच टप्प्यात आईला आपलं म्हणणंही मांडता येतं, आणि तो टप्पा गेल्यावर ते कुठल्याच औषधाने परत येणार नाही. विसरणारी माणसं ठरवू शकत नाहीत हा समज चुकीचा आहे. काल काय झालं हे न आठवणाऱ्या बाईला आपल्याला कशाची भीती वाटते, आपल्याला काय नको आहे, हे नीट सांगता येतं. फक्त एका वेळी एकच प्रश्न, सकाळी ती ताजी असताना, आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा. दर वेळी उत्तर सारखं आलं तर ते तिचंच आहे.

दर पंधरा दिवसांनी सुई टोचून घ्यायला, एमआरआयच्या नळीत वारंवार शिरायला ती तयार आहे का? मिळालेच तर पाच महिने, आणि त्यासाठी मेंदूला सूज येण्याची शक्यता, हा सौदा तिला कसा वाटतो? औषधाचं दार आज बंद निघालं तरी हे बोलणं वाया जात नाही. पुढे तिच्या पैशांचे व्यवहार कोणी बघावेत, घरी राहणं जमेनासं झालं तर तिला काय चालेल, शेवटी नळ्या-यंत्रं लावायची की नाहीत, हे प्रश्न दोन-चार वर्षांत तुमच्यासमोर येणारच आहेत. तेव्हा ‘आईला काय हवं असेल’ यावर तुम्ही आणि दादा भांडत बसणार, की तिने काय सांगितलंय ते तुमच्याकडे असणार?

दोष माझा, माझाच, असं तुम्ही एकाच वाक्यात दोनदा लिहिलंत. मिळालेली माहिती डॉक्टरांकडून तपासून, आईला विचारून जो निर्णय होईल त्यात पुढे काहीही झालं तरी दोष धरायला कोणी नसतं, दादाही नाही आणि तुम्हीही नाही. पण विचारण्याचं काम एकट्याने करू नका. दादांना फोनवर तुमच्याशी नव्हे, आईशी बोलू द्या. जमलं तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्यांना व्हिडिओवर घ्या, म्हणजे रक्ताच्या गोळीबद्दलचं उत्तर ते स्वतःच्या कानांनी ऐकतील आणि तुम्हाला निरोप्याचं काम करावं लागणार नाही. भेटीआधी आईशी झालेलं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून काढा, वर तारीख घाला, तिला वाचून दाखवा, तिची सही घ्या. एक प्रत डॉक्टरांकडे द्या, एक दादांना पाठवा. पैशांचा आणि उपचारांचा अधिकार कोणाला द्यायचा याची कायदेशीर कागदपत्रं वकिलाकडून याच महिन्यात करून घ्या, कारण त्या सहीलाही मुदत आहे.